वाचकांचे प्रश्न : परमिट रूमचा परवाना आणि त्यामागचा कायदा

दुकाने व आस्थापनांच्या वेळांविषयी या सदरात लिहिताना एक वाक्य ओघात येऊन गेले होते. आस्थापना चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा स्पष्ट केली असली, तरी मद्य देणाऱ्या हॉटेलांना आणि बारना ती लागू नाही, असे ते वाक्य होते. त्यावर मुंबईतून बरीच पत्रे आली. काही हॉटेलवाल्यांची होती, काही त्यांच्याकडे काम करणाऱ्यांची, तर काही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक पत्रांतील गैरसमज तिथूनच सुरू झाला आहे. महाराष्ट्रात दारूच्या धंद्याला लागू असलेला कायदा हा मुळात बंदीचा कायदा आहे. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने तोच चालू आहे. त्याच्या काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द केल्या, परंतु सांगाडा टिकला. पुढे सरकारने धोरण सैल केले, तरी कायद्याची मांडणी बदलली नाही. दारू बनवणे, बाळगणे, नेणे, विकणे आणि पिणे या सर्वांना मनाई आणि परवाना किंवा परमिट असेल तेवढ्यापुरतीच त्या मनाईतून सूट, अशी ती मांडणी आहे. ‘परमिट रूम’ हे नावसुद्धा त्यातूनच आले, कारण ज्यांच्याकडे पिण्याचे परमिट आहे त्यांनीच बसायची ती खोली. म्हणून ‘अमुक गोष्ट कुठे मना केली आहे?’ असे विचारून या कायद्यात चालत नाही. आपण करतो ती गोष्ट आपल्या परवान्यात लिहिलेली आहे का, हे पाहावे लागते.

प्रश्न : माझे यजमान ऑगस्टमध्ये गेले. दादरला आमचे परमिट रूम असलेले हॉटेल आहे आणि परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. गेली चार वर्षे हॉटेल एका गृहस्थांना कंडक्टिंगवर, म्हणजे ठरलेल्या रकमेवर चालवायला दिलेले आहे. ते दरमहा ठरलेली रक्कम आणून देतात. त्यांचे म्हणणे असे की, परवाना आहे तसाच राहू द्यावा, मार्चअखेर फी ते भरतील, मी फक्त लागतील तिथे सह्या कराव्यात. माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याला यातले काही ठाऊक नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि यजमानांच्या नावाने तर कोणालाही सही करू देऊ नका. दिवंगत माणसाच्या नावाने नूतनीकरणाचा अर्ज गेला, तर ती केवळ नियमातील चूक राहत नाही. ते बनावट कागदपत्राचे फौजदारी प्रकरण होते आणि त्यात पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घर, दागिने, बँकेतील ठेव जशी वारसांकडे येते, तसा हा परवाना येत नाही. दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, परवाना म्हणजे राज्याने ठरावीक माणसाला ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी दिलेली सवलत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. त्यामुळे परवानाधारक गेल्यावर त्याच्या नावाचा परवाना घरच्यांच्या नावावर आपोआप चढत नाही. मात्र वारसाचे नाव लावून घेण्याची सोय नियमांत आहे आणि ती तुमच्यासाठीच आहे, तिचा उपयोग लवकर करून घ्या. दादर मुंबई शहर जिल्ह्यात येते, म्हणून मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करून तो राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, मुलाचे आणि इतर वारस असल्यास त्यांचेही ना हरकत प्रतिज्ञापत्र, जागेच्या मालकीची किंवा भाड्याची कागदपत्रे आणि चालू परवान्याची प्रत सोबत जोडा. अर्जाच्या स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका. परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. तोपर्यंत तुमचा अर्ज दप्तरी दाखल झालेला असणे फार महत्त्वाचे आहे.

कंडक्टिंगचा विषय याहून नाजूक आहे. मुंबईत निम्मी हॉटेले अशीच चालतात, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. प्रघात कितीही जुना असला, तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय परवाना दुसऱ्याला चालवायला देणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे, आणि अशा भंगासाठी अधिनियमाच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. साठ्यात तफावत निघाली, बाहेरच्या राज्यातील स्वस्त बाटली सापडली किंवा वय न पाहता दारू दिली गेली, तर विभागीय गुन्हा नोंदला जाताना परवान्यावरचे नाव पाहिले जाते. रोज गल्ल्यावर कोण बसतो, हे पाहिले जात नाही. ते गृहस्थ भले असतील, चार वर्षे त्यांनी पैसे वेळेवर दिले असतील, तरीही या बाबतीत त्यांचा आणि तुमचा हिताचा मार्ग एकच नाही. त्यांना पुढेही सोबत ठेवायचे असेल, तर वारस म्हणून तुमचे नाव लागल्यावर रीतसर अर्ज करून आणि ठरलेले शुल्क भरून त्यांना परवान्यात भागीदार म्हणून दाखल करता येते. त्याला ते तयार नसतील, तर का तयार नाहीत, याचा विचार मुलासोबत बसून करा.

काही वर्षांपूर्वी गिरगावातील एक बाई अशाच प्रकरणात माझ्याकडे आल्या होत्या. कापडी पिशवीतून त्यांनी एक फ्रेम काढली. भिंतीवर लावलेला परवाना त्या काचेसकट घेऊन आल्या होत्या, कारण घरात तेवढा एकच कागद होता. चलने, साठ्याच्या नोंदवह्या, मंजूर नकाशा, सगळे चालकाकडे होते आणि चालक फोन उचलत नव्हता. आठ वर्षांच्या फीच्या चलनांच्या प्रती अर्ज करून मिळवण्यात आमचे पाच महिने गेले. म्हणून आज आणखी एक काम करा. हॉटेलात जाऊन परवाना, मागील नूतनीकरणांची चलने, मंजूर नकाशा, कामगारांचे नोकरनामे (मद्य हाताळणाऱ्या नोकरांना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळणारे कागद) आणि व्हॅटची नोंदणी यांच्या प्रती काढून घरी ठेवा. व्हॅटची नोंदणीही यजमानांच्या नावाची असेल. त्या खात्यालाही मृत्यूची लेखी सूचना द्यावी लागेल, नाहीतर पुढच्या थकबाकीचा हिशेब त्यांच्या मिळकतीतून मागितला जातो.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र लोअर परळला मालवणी आणि कोकणी माशांचे रेस्टॉरंट सुरू करत आहोत. जागा भाड्याची आहे, वर एक पोटमाळा आहे आणि बाहेर थोडी मोकळी जागा आहे. एका एजंटने ‘फुल बारचे’ पॅकेज सांगितले आहे. आम्हाला खरे तर जेवणासोबत बिअर आणि वाइन ठेवायची आहे. कोणता परवाना घ्यावा?

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. रेस्टॉरंटमध्ये विदेशी मद्य, म्हणजे व्हिस्की, रम, व्होडका, बिअर, वाइन असे सर्व काही बसून पिण्यासाठी द्यायचे असेल, तर ‘एफएल तीन’ हा परवाना लागतो. त्यालाच आपण परमिट रूमचा परवाना म्हणतो. केवळ सौम्य मद्य, म्हणजे बिअर आणि वाइन द्यायची असेल, तर ‘ई’ नमुन्यातील परवाना आहे. वाइन शॉपचा ‘एफएल दोन’ हा वेगळा, बाटली विकत नेण्यासाठीचा परवाना आहे. त्याचे नवे वाटप सत्तरच्या दशकापासून थांबलेले असल्याने जुने परवानेच हस्तांतरित होत असतात. त्याचा आपल्याशी संबंध नाही, आणि कोणी तसा ‘मिळवून देतो’ म्हणाला, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. वार्षिक फी गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि मुंबई वरच्या गटात येत असल्याने परमिट रूमची फी नव्या रेस्टॉरंटच्या खर्चातील मोठा आकडा असतो. माशांच्या ताटासोबत बिअर आणि वाइन एवढाच बेत असेल, तर पहिल्या वर्षी ‘फुल बार’चे ओझे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मद्याचा परवाना हा शेवटचा मजला आहे. खालचे मजले आधी बांधावे लागतात. खाद्यगृहासाठी महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खालील आरोग्य खात्याचा परवाना, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालील अन्नाचा परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, जागेचा व्यापारी वापर मंजूर असल्याचा पुरावा आणि अग्निशमन दलाचे ना हरकत, हे सर्व जमल्यावर मद्याचा अर्ज करावा. भाडेकराराची मुदत आणि त्यात मद्य देण्यास घरमालकाची असलेली लेखी संमती हीदेखील तपासून घ्यावी. संमतीचे हे एक वाक्य करारात नसल्यामुळे सजावटीवर लाखो रुपये खर्चून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

जागेच्या अंतराचाही नियम आहे. शाळा, प्रार्थनास्थळ, एसटी स्थानक यांपासूनचे अंतर नकाशावर सरळ रेषा ओढून मोजत नाहीत. माणूस नेहमी पायी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, दारापासून फाटकापर्यंत मोजतात. टेप घेऊन स्वतः चालून पाहा. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६ चा आदेश आपण ऐकला असेल. त्यामुळे एप्रिल २०१७ मध्ये द्रुतगती मार्गांलगतच्या मुंबईतील बारचीही अडचण झाली होती. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, हा आदेश महापालिका हद्दीतील परवानाधारक जागांना आड येत नाही. लोअर परळसाठी तो प्रश्न उरत नाही.

आता पोटमाळा आणि मोकळी जागा. परवान्यासोबत जो नकाशा मंजूर होतो, त्यावर मद्य देण्याचा भाग रेषेने आखलेला असतो. त्या रेषेच्या आत दिलेला पेग कायदेशीर आणि रेषेबाहेरच्या टेबलावर ठेवलेला तोच पेग बेकायदा, इतके ते नेमके आहे. एका तपासणीच्या वेळी मी हजर होतो. निरीक्षकांनी नकाशा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर पाण्याचे ग्लास ठेवले आणि एकेका खांबापासून टेप लावत गेले. मालकांनी ग्राहकांच्या सोयीसाठी आतली एक भिंत तीन फूट सरकवली होती; त्या तीन फुटांत दोन टेबले होती आणि दोन्हींवर बिअरचे मग होते. तेवढ्यावरच त्यांच्यावर प्रकरण दाखल झाले. म्हणून पोटमाळ्यावर मद्य द्यायचे असेल, तर तो आधी महापालिकेच्या मंजुरीतला असला पाहिजे आणि मग परवान्याच्या नकाशात आला पाहिजे. मोकळ्या जागेसाठी वेगळी मंजुरी घ्यावी. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री आणि बांबूंचे छप्पर घालण्याचा मोह आवरावा.

हे मी केवळ कागदासाठी सांगत नाही. आपल्याच भागात, कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. गच्चीवरचे छप्पर, पेटते निखारे, बाहेर पडण्याच्या वाटेवरचे अडथळे या गोष्टी त्यानंतर शहरभर बोलल्या गेल्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ‘फॉर्म बी’ म्हणतात, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. हे प्रमाणपत्र घरबसल्या सही करून देणारेही भेटतात. तसे घेऊ नका. माणसाला बोलवा, पाइपमधून पाणी सोडायला लावा, मागचा दरवाजा आतून एका हाताने उघडतो का ते स्वतः पाहा आणि त्या दरवाजाशी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट कधीही रचू देऊ नका.

प्रश्न : भांडुपला आमची साधी खानावळ आहे. मद्याचा परवाना नाही. संध्याकाळी काही नेहमीची गिऱ्हाइके बाटली सोबत आणतात आणि आम्ही फक्त सोडा, ग्लास आणि चकणा देतो. आम्ही दारू विकत नाही, तेव्हा यात आमचा काही दोष आहे का?

उत्तर : होय, आहे, आणि तो किरकोळ नाही. अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये सार्वजनिक दारू पिण्याची जागा चालवणे हा स्वतंत्र गुन्हा सांगितला आहे. त्यासाठी तुम्ही दारू विकलीच पाहिजे असे नाही. विनापरवाना जागा लोकांना पिण्यासाठी वापरू दिली, एवढे पुरेसे आहे. तिथे पिताना सापडलेल्या माणसावर कलम ८४ खाली कारवाई होते, म्हणजे तुमचे नेहमीचे गिऱ्हाईकही अडकते. सोडा आणि ग्लास तुम्ही पुरवता हे तुमच्या विरुद्धचा पुरावा म्हणूनच वाचले जाईल. चिवडा, चणे विकण्याला कोणाची हरकत नाही. हरकत त्या टेबलावरच्या बाटलीला आहे. ‘येथे मद्यपान करण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावून आत तेच चालू ठेवल्याने बचाव होत नाही. नेहमीच्या माणसांना समोर बसवून, कायद्याचे नाव घेऊन, सरळ सांगा. दोन-चार गिऱ्हाइके तुटतील, पण खानावळीचे आरोग्य खात्याचे लायसन्स आणि तुमचे नाव दोन्ही राहील.

प्रश्न : वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाला मुलुंडमधील एका हॉलवर शंभर माणसांचा कार्यक्रम आहे. जेवणासोबत मद्य ठेवायचे झाल्यास काय परवानगी लागते?

उत्तर : अशा एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी ‘एफएल चार ए’ हा तात्पुरता परवाना असतो. मुलुंड उपनगर जिल्ह्यात येत असल्याने अर्ज मुंबई उपनगरच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाकडे करावा लागेल. अर्ज ऑनलाइन करता येतो. हॉलच्या मालकाचे किंवा व्यवस्थापनाचे संमतिपत्र आणि ठरलेले शुल्क सोबत लागते. मद्य परवानाधारक दुकानातूनच घ्यावे आणि त्याच्या पावत्या कार्यक्रमाच्या जागी ठेवाव्यात. गोवा किंवा दमणहून कोणी ‘स्वस्तात आणतो’ म्हणाले, तर ठाम नकार द्यावा, कारण राज्याबाहेरचे, इथला कर न भरलेले मद्य सापडल्यास तात्पुरता परवाना काहीही वाचवू शकत नाही. हॉलवाले तोंडी ‘आमच्याकडे चालते’ असे म्हणाले, तर त्यावर विसंबू नये. वडिलांच्या कार्यक्रमाला शुभेच्छा.

प्रश्न : मी अंधेरीच्या एका परमिट रूममध्ये वेटर आहे. कॉलेजची मुले येतात. वय विचारले तर भांडतात, नाही विचारले तर शेठ म्हणतात की तुझी जबाबदारी. नक्की वय किती पाहायचे? आणि मालकाने अजून माझा नोकरनामा काढलेला नाही, तो मला लागतो का?

उत्तर : महाराष्ट्रात व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे, तर सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे. स्ट्राँग बिअर कडक मद्याच्या बाजूला धरा. अठरा पूर्ण झाले की मतदान करता येते, गाडी चालवता येते, म्हणून दारूही मागता येते, हा मुलांचा युक्तिवाद इथे लागू होत नाही. चेहऱ्यावरून अंदाज करू नका. आधार कार्ड, लायसन्स किंवा पासपोर्टवरची जन्मतारीख पाहा आणि मोबाइलमधला अंधुक फोटो दाखवला, तर मॅनेजरला बोलवा. ओळखपत्र पाहिल्याशिवाय ऑर्डर लिहायची नाही असा लेखी नियम मालकांकडून मागून घ्या आणि तो दारातच लावायला सांगा, म्हणजे भांडण तुमच्याशी होणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा त्या मुलाला मद्य देणाऱ्या जागांना सील लागले आणि मालकांबरोबर मॅनेजरनाही अटक झाली. टेबलावर ग्लास ठेवणारा माणूस या साखळीबाहेर राहत नाही.

पिणाऱ्याचे परमिटही असते, हे अनेक वेटर मित्रांना माहीत नसते. एका दिवसाचे परमिट विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, वर्षाचे शंभर रुपयांना आणि आजीवन एक हजार रुपयांना मिळते. परमिट रूममध्ये एका दिवसाच्या परमिटांची पुस्तके असतात आणि ती खरोखर वापरली गेली पाहिजेत. महिन्याच्या शेवटी एकाच हस्ताक्षरात शंभर नावे भरून ठेवण्याची पद्धत तपासणीत पहिल्या पानावरच उघडी पडते.

नोकरनामा तुम्हाला नक्कीच लागतो. परवाना मालकाच्या नावावर असतो, म्हणून त्याच्या वतीने मद्य हाताळणाऱ्या नोकराला विभागाकडून नोकरनामा घ्यावा लागतो. त्यात तुमचे नाव आणि फोटो असतो. तो नसेल, तर तपासणीच्या दिवशी तुम्ही तिथे कोण, हे सिद्ध करणारा एकही कागद तुमच्या हातात नाही. मालकांना लेखी विनंती करा, तिची प्रत ठेवा. हा कागद मिळावा यासाठी तुम्ही आग्रह धरणे हा उद्धटपणा नाही.

प्रश्न : बोरिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरील गाळ्यात बार सुरू झाला आहे. रात्री उशिरापर्यंत गाणी, जिन्यात उभी माणसे, स्वयंपाकघराचा धूर यांमुळे पहिल्या मजल्यावरचे रहिवासी हैराण आहेत. आम्ही काय करू शकतो?

उत्तर : तक्रार एकच करू नका, तिचे भाग पाडा, कारण प्रत्येक भागाचे कार्यालय वेगळे आहे. धूर, चिमणी आणि गाळ्यातील अंतर्गत बदल हे महापालिकेच्या आर मध्य विभाग कार्यालयाचे काम आहे. आवाजासाठी ध्वनी प्रदूषण नियम २००० आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि त्याची तक्रार पोलिसांकडे करायची. मद्याची वेळ, मंजूर नकाशाबाहेरची टेबले, पदपथावर किंवा जिन्यात दिले जाणारे ग्लास यांची तक्रार उपनगरच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे. मुंबईत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत आहे, त्यामुळे ‘अकरानंतर बार चालू असतो’ ही तक्रार टिकणार नाही. ‘पावणेदोनला शटर अर्धे खाली ओढून आत ग्राहक होते’ ही टिकेल, त्यासोबत तारीख आणि वेळ हवी. पहिल्या मजल्यावरील एखाद्या सदस्याने महिनाभर साधी वही ठेवावी, रोजची एक ओळ पुरे.

दुसरे काम माहितीच्या अधिकारात करा. परवान्याची प्रत, मंजूर नकाशा आणि परवाना देताना जोडलेली जागेची कागदपत्रे मागा. गाळ्याचा वापर संस्थेच्या मंजूर आराखड्यात कशासाठी होता, हे त्यातून कळते, आणि अनेकदा खरी पकड तिथेच सापडते. निवासी संस्थेत नवे बिअर किंवा दारूचे दुकान उघडताना संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. मात्र ते विधान दुकानांविषयी होते. आपला बार आधीच सुरू झालेला असल्याने केवळ तेवढ्यावर विसंबू नका. आपल्या राज्यात मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची, ज्याला गावोगावच्या बायका ‘आडवी बाटली’ म्हणून ओळखतात, ती वाटही शहरातील प्रभागांना उपलब्ध आहे. ती वाट लांबची आहे आणि संपूर्ण प्रभाग सोबत लागतो. एका बारच्या त्रासासाठी मी आधी वही आणि नकाशा यांवर भर देईन. संस्थेच्या सभेत ठराव करून सचिवांच्या सहीने तक्रार पाठवा. एकट्या रहिवाशाच्या पत्राला जे उत्तर मिळत नाही, ते संस्थेच्या ठरावाला मिळते.

प्रश्न : मित्रांसोबत परमिट रूममध्ये बिल आले, त्यात जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट आणि वर सर्व्हिस चार्ज होता. बिअरची किंमतही बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त लावली होती. हे बरोबर आहे का?

उत्तर : पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून एकाच बिलात दोन कर दिसणे बरोबर आहे. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. व्हॅट मद्याच्याच रकमेवर लागला आहे ना, हे तपासा. जेवणाच्या रकमेवर तो लावता येत नाही. वाइन शॉपला एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, परंतु हॉटेलमध्ये आपण जागा आणि सेवाही घेतो, म्हणून तिथे एमआरपीचे बंधन त्याच रीतीने लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या प्रकरणात दिला. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या आहेत. तो काढून टाका असे आपण सांगू शकता. आणखी एक पाहत जा. पेग ३० किंवा ६० मिलीच्या, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या मापानेच मोजला गेला पाहिजे. थेट बाटलीतून ओतला जात असेल, तर माप मागण्यात संकोच वाटू देऊ नये.

प्रश्न : माझा छोटा बिअर बार आहे. ड्राय डे नक्की कोणते, याची दरवेळी गडबड होते. एकदाच यादी मिळेल का?

उत्तर : कायमची यादी भिंतीवर लावून निश्चिंत राहता येईल, अशी ही गोष्ट नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत. निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५ सी प्रमाणे बंद असतात, आणि मतमोजणीच्या दिवशीही बंदीचा आदेश निघतो. याखेरीज सार्वजनिक शांततेसाठी दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे आणि गणेश विसर्जनासारख्या प्रसंगी तो वापरला जातो. शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असल्याने आदेशही दोन वेगळे निघतात. माहीम किंवा शीवच्या हद्दीजवळ आपला बार असेल, तर समोरच्या बारकडे पाहून शटर उघडू नका. आपल्या जिल्ह्याचा आदेश छापून गल्ल्याशेजारी लावा. त्या दिवशी स्वयंपाकघर चालू ठेवून जेवण देता येते. मद्याच्या साठ्याचे कपाट मात्र आदल्या रात्री साठा मोजून, नोंदवहीत शिल्लक लिहून कुलूपबंद करा आणि त्या शिल्लकेखाली सही करून वेळ टाका.